व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि त्याला साजेसा लाउडस्पीकर

मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. विजेच्या यंत्रांशीं माझा संबंध बटण दाबावें व दिवा लागावा एवढ्यापुरताच होता. अशा मनुष्यानें ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांच्या जोडणीवर लेख लिहावा, हें पाहून वाचकांस, आणि विशेषतः माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस, हंसूं आल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु या विषयांतील शहाणपण मला बरेंच महाग पडलें आहे. ज्या घरांत वाडवडिलांच्या ध्वनिमुद्रिका अजून जपून ठेवलेल्या आहेत, तेथील कोणा गृहस्थास तें थोडें स्वस्तांत मिळावें, एवढ्याच हेतूनें हा लेखनप्रपंच.

माझ्या वडिलांच्या पश्चात् त्यांच्या ऐंशीच्या वर तबकड्या आमच्या घरीं राहिल्या. त्यांत हिराबाई बडोदेकरांच्या आहेत, द. वि. पलुसकरांच्या आहेत, आणि कांहीं नाट्यगीतांच्या आहेत. वडिलांपाशीं त्या वाजविण्याचें चांगलें यंत्र मात्र कधींच नव्हतें. रविवारीं सकाळीं चारदोन तबकड्या पिशवींत घालून ते शेजारच्या वकीलसाहेबांकडे जात व मला बरोबर नेत. वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यांत कपाटाएवढा रेडिओग्राम होता. त्याच्या पाठच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड दिसे, तापलेल्या धुळीचा मंद वास येई, आणि क्षणभर वाट पाहिल्यावर हिराबाईंचा स्वर खोलींत भरे. वडील त्या वेळीं कोणाशीं बोलत नसत. तो स्वर एकदां आपल्या घरांत ऐकावा, ही इच्छा मी अनेक वर्षें मनांत बाळगून होतों.

सेवानिवृत्तीच्या वेळीं हातांत आलेल्या रकमेंतून मीं ती पुरी करावयाचें ठरविलें. हौसेनें असे ॲम्प्लिफायर बनविणाऱ्या एका गृहस्थाकडून मीं एक लहानसा ॲम्प्लिफायर घेतला. त्यांत डावीकडे व उजवीकडे ईएल ८४ जातीचा एकेक शक्तिव्हॉल्व्ह असून प्रत्येक बाजूची शक्ति सुमारें ४ वॅट होती. लाउडस्पीकर आमच्या चिरंजिवांनीं आणले. ते दिसावयास सुबक, पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे लहान, आणि किंमतीनें ॲम्प्लिफायरच्या दुप्पट होते. दोन्ही वस्तु उत्तम असल्याची ग्वाही जाणत्यांनीं दिलेली होती. दोन उत्तम वस्तु एकत्र आल्या म्हणजे फळही उत्तमच मिळणार, असा हिशेब मीं केला.

घडलें तें निराळेंच. आलाप चालू असे तोंवर ठीक वाटे. तबला सुरू झाला कीं प्रत्येक थापेबरोबर आवाज फाटे. डग्ग्याचा घुमारा एकसारखा मागें रेंगाळे, आणि आवाज जरा मोठा करावा तर गायिकेस पडसें झालें आहे कीं काय असा भास होई. आमच्या सौभाग्यवती लहानपणीं पांचसहा वर्षें गाणें शिकलेल्या आहेत. त्या स्वयंपाकघरांतून एवढेंच म्हणाल्या, "अहो, या हिराबाई नव्हेत."

एका दुकानदारानें व्हॉल्व्हचा नाद सोडून शंभर वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर घेण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यानें भारी किंमतीच्या तारा दाखविल्या. मी गोंधळून गेलों, आणि त्या गोंधळांत माझ्या हातून एक मोठी चूक घडली. एके दिवशीं केर काढण्यासाठीं मीं स्पीकरच्या तारा सोडविल्या आणि त्या पुन्हां लावावयाचें विसरून तबकडी लावली. आवाज येईना म्हणून बटण पुरतें फिरविलें. थोड्याच वेळांत आंतून चर्र असा बारीक आवाज आला, जळक्या वार्निशाचा वास खोलीभर पसरला, आणि ॲम्प्लिफायरची एक बाजू मुकी झाली.

माझा एक जुना विद्यार्थी रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करतो. संस्कृतांत तो नेहमीं काठावर उत्तीर्ण होत असे. त्यानें यंत्र उघडून पाहिलें, स्पीकरचीं टोकें मीटरनें मोजलीं, आणि म्हणाला, "सर, ॲम्प्लिफायर चांगला आहे आणि स्पीकरही चांगले आहेत. पण यांचा एकमेकांशीं अन्वयच लागत नाहीं." मीं वर्गांत हजार वेळां उच्चारलेला शब्द त्यानें मला परत केला.

अन्वयाच्या तीन अटी

आपल्या शास्त्रकारांनीं वाक्याचा अर्थ लागण्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. एक आकांक्षा, म्हणजे एका पदास दुसऱ्या पदाची असलेली अपेक्षा. दुसरी योग्यता, म्हणजे त्या दोहोंचा संबंध जुळण्याजोगा असणें. आणि तिसरी सन्निधि, म्हणजे त्यांची जवळीक. सुटे सुटे शब्द कितीही सुंदर असले तरी या तीन अटी पुऱ्या झाल्यावांचून वाक्य होत नाहीं. विस्तवानें झाड शिंपलें, असें कोणी म्हटल्यास प्रत्येक शब्द निर्दोष असूनही अर्थ लागत नाहीं. विद्यार्थ्यानें दोन संध्याकाळीं मला जें समजावून दिलें, तें मीं माझ्या सवयीप्रमाणें याच तीन कप्प्यांत घालून ठेवलें आहे, आणि त्याच क्रमानें नव्हे, तर समजण्यास सोप्या अशा क्रमानें येथें मांडतों.

योग्यता : ओहमचा मेळ

प्रथम व्हॉल्व्ह म्हणजे काय तें पाहूं. कांचेच्या निर्वात नळींत तापलेल्या तारेभोवतीं कॅथोड असतो. त्यांतून ऋणकण बाहेर पडतात व समोरच्या धातूच्या पट्टीकडे ओढले जातात. इंग्लंडांत फ्लेमिंग यानें १९०४ सालीं अशी दोन अंगांची नळी केली, आणि अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं मध्यें तिसरें अंग बसविलें. हें तिसरें अंग म्हणजे एक जाळी. जाळीवरील विजेचा दाब किंचित् कमीजास्त केला कीं पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच चालीनें कमीजास्त होतो. मुंगीच्या इशाऱ्यानें हत्ती चालावा, तसा हा प्रकार आहे. तबकडीवरील सुईंतून निघणारा अतिसूक्ष्म विद्युत्संकेत अशा रीतीनें वाढत वाढत जातो.

आतां अडचण अशी कीं, शक्तिव्हॉल्व्ह जी वीज देतो तिचा दाब मोठा व प्रवाह थोडा असतो. उलट लाउडस्पीकरच्या वेटोळ्यास थोडा दाब व मोठा प्रवाह हवा असतो. ईएल ८४ हा एकटा व्हॉल्व्ह आपल्यापुढें सुमारें ५,००० ओहमचें ओझें असावें अशी अपेक्षा करतो, आणि स्पीकर तर ४, ८ किंवा १६ ओहमचे असतात. या दोघांची गांठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. पहारेच्या लांब टोकास थोड्या जोरानें पुष्कळ दाबलें म्हणजे आंखूड टोक मोठ्या जोरानें थोडेंसें उचललें जातें. ट्रान्स्फॉर्मरचें कामही तसेंच आहे.

याचें गणित शाळेंतील मुलासही करतां येईल. ट्रान्स्फॉर्मरच्या दोन वेटोळ्यांतील फेऱ्यांचें जें प्रमाण, त्याचा वर्ग म्हणजे ओहमचें प्रमाण. ५,००० ला ८ नें भागलें असतां ६२५ येतात, आणि ६२५ चें वर्गमूळ २५. तेव्हां एका बाजूस दुसरीच्या पंचवीसपट फेरे दिले कीं ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५,००० ओहमचा भासूं लागतो. पण याच टोकांस ४ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला काय दिसेल? ६२५ गुणिले ४, म्हणजे २,५००. ओझें निम्म्यावर येतें, व्हॉल्व्हची शुद्ध शक्ति घटते आणि विकृति वाढते. माझ्या ॲम्प्लिफायरला केवळ ८ ओहमचीं टोकें होतीं आणि चिरंजिवांनीं आणलेले स्पीकर ४ ओहमचे होते. पहिला विसंवाद तो हा. पुष्कळ ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ४, ८ व १६ अशीं निरनिराळीं टोकें दिलेलीं असतात, तीं याचसाठीं.

येथें एक सूचना. स्पीकरवर छापलेला ओहमचा आंकडा हा नाममात्र असतो. सूर बदलतो तसा तो बदलतो. ८ ओहम म्हणविणारा स्पीकर कांहीं सुरांना ५ ओहमपर्यंत उतरतो, तर खर्जाच्या एका ठराविक जागीं तीस ओहमच्याही वर चढतो. साध्या मीटरनें मोजल्यास ८ चा स्पीकर सुमारें ६ दाखवितो व ४ चा साडेतीनच्या आंत. तेव्हां छापील अक्षर पुसट झालें असल्यास यावरून अदमास बांधतां येतो. ज्याचा आंकडा फार खालीं जात नाहीं आणि फार हेलकावे खात नाहीं, असा स्पीकर व्हॉल्व्हला मानवतो.

आणि स्पीकर मुळींच जोडलेला नसला तर? तर व्हॉल्व्हपुढील ओझें अमर्याद होतें. ट्रान्स्फॉर्मरमध्यें सांठणाऱ्या शक्तीस बाहेर पडावयास वाट राहत नाहीं, आंतला दाब नेहमींच्या कितीतरी पट उसळतो, आणि वेटोळ्यांमधील आवरण फोडून ठिणगी उडते. माझ्या घरीं जो वास पसरला तो त्याचाच. ट्रान्झिस्टरचे बहुतेक ॲम्प्लिफायर स्पीकरवांचून चालू राहिले तरी त्यांस अपाय होत नाहीं. त्यांस तारा एकमेकींस चिकटण्याचें भय असतें. व्हॉल्व्हला मोकळेपणाचें भय अधिक. हा एक भेद ध्यानांत ठेवला तरी पुष्कळांचे पैसे वांचतील.

आकांक्षा : स्पीकरची भूक

ओहम जुळले म्हणजे सर्व जुळलें असें नव्हे. प्रत्येक स्पीकरची भूक निराळी असते. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर तो किती मोठा आवाज देतो, हें डेसिबेलमध्यें सांगतात व त्यास त्याची संवेदनशीलता म्हणतात. डेसिबेलचें गणित सरळ बेरजेचें नाहीं. ३ डेसिबेल वाढविण्यास शक्ति दुप्पट लागते, आणि १० वाढविण्यास दसपट. कानाला दुप्पट वाटणारा आवाज म्हणजे सुमारें १० डेसिबेलची वाढ. म्हणून १० वॅटच्या जागीं २० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होतो ही समजूत चुकीची आहे. तो जेमतेम जाणवण्याइतका वाढतो.

माझ्या सुबक स्पीकरांच्या कागदावर ८४ डेसिबेल असें छापलें होतें. त्यांतही एक मेख होती. हा आंकडा पुष्कळदां एक वॅटला न देतां २.८३ व्होल्टला देतात. ८ ओहमच्या स्पीकरांत २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरांत तेच दोन वॅट होतात. तेव्हां खरी संवेदनशीलता ८१ च. चार वॅटनें त्यांत ६ ची भर पडून ८७ झाले, आणि तेही एक मीटरवर. खुर्चीपर्यंत येतां येतां त्यांतले आणखी कांहीं गळतात. तबल्याची थाप ही गाण्याच्या सरासरी पातळीहून दहापंधरा डेसिबेलनीं सहज वर उडी मारते. त्या उडीस लागणारी शक्ति माझ्या ॲम्प्लिफायरपाशीं नव्हती, म्हणून थापेचा माथा कापला जाई व आवाज फाटे. ॲम्प्लिफायर निर्दोष होता. मीं त्याच्यापुढें पानावर बसविलेले पाहुणे बकासुराचे वंशज होते.

असें कां व्हावें, याचें उत्तर इतिहासांत आहे. आज आपण वापरतों त्या हलत्या वेटोळ्याच्या स्पीकराची रचना अमेरिकेंत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केली. त्या काळीं वॅट फार महाग होते. थोड्या वॅटांत सभागृह भरावें म्हणून स्पीकर मोठे, कागदी पडदे हलके, आणि पुष्कळदां पुढें कर्णा असे. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनियरानें १९४६ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यांत ठेवावयाचा जो कर्ण्याचा स्पीकर बाजारांत आणला, तो एका वॅटला शंभराहून अधिक डेसिबेल देतो. मग १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यानें बंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. गृहिणींची मोठी सोय झाली. पण त्या खर्जाची किंमत शक्तींत मोजावी लागली. पुढें ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले, आणि स्पीकर करणाऱ्यांस काटकसर करण्याचें कारण उरलें नाहीं. पेटी लहान, खर्ज खोल आणि भूक थोडी, या तीन गोष्टी एकत्र नांदत नाहींत. दोन घ्याव्या तर तिसरी सोडावी लागते. मीं चार वॅटचा जुन्या धर्तीचा ॲम्प्लिफायर घेऊन त्याच्यापुढें शंभर वॅटच्या युगांतला स्पीकर ठेवला होता.

याचा अर्थ लहान स्पीकर व्हॉल्व्हला कधींच चालत नाहीं, असा कोणी घेऊं नये. बी. बी. सी. नें आपल्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठीं एलएस ३/५ ए नांवाचा एक चिमुकला स्पीकर तयार केला. त्याची संवेदनशीलता सुमारें ८३ च. पण मूळच्या नमुन्याचे ओहम १५ असल्यामुळें तो १६ च्या टोकांवर छान बसतो, आणि व्हॉल्व्हच्या पुष्कळ भोक्त्यांचा तो आवडता आहे. मात्र त्यास १५ वॅट व त्याहून अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर देतात, आणि खोली लहान ठेवतात. योग्यता आहे व आकांक्षा ओळखून ती पुरविली आहे, म्हणून अन्वय लागतो.

सन्निधि : पकड

तिसरी गोष्ट डग्ग्याच्या घुमाऱ्याची. डग्ग्यावर बोट मारल्यावर वादक मनगट टेकवून पुडीचा कंप आवरतो. स्पीकरचा पडदाही असाच एकदां हलला कीं कांहीं वेळ आपल्याच लयींत हलत राहूं पाहतो. त्याचें वेटोळें लोहचुंबकांत हलत असल्यामुळें तें उलट वीज उत्पन्न करतें. ॲम्प्लिफायरच्या टोकांशीं असलेला अंतर्गत रोध जितका कमी, तितकी ही वीज सहज वाहते व पडद्यास लगाम बसतो. स्पीकरच्या ओहमला या अंतर्गत रोधानें भागलें म्हणजे येणारा आंकडा तो डॅम्पिंग फॅक्टर. आपण त्यास पकड म्हणूं. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरांत तो शंभराच्या पुढें सहज जातो. व्हॉल्व्हच्या चांगल्या यंत्रांत दहावीस, आणि साध्या एकव्हॉल्व्ही यंत्रांत तीनचार.

अंतर्गत रोध मोठा असला तर आणखी एक दोष उद्भवतो. समजा, तो २ ओहम आहे आणि स्पीकर ४ पासून १६ ओहमपर्यंत हेलकावतो. तर ४ च्या जागीं दाबाचा दोनतृतीयांश भाग स्पीकरास मिळतो, आणि १६ च्या जागीं आठनवमांश. हा फरक सुमारें अडीच डेसिबेलचा भरतो, व तो नेमका खर्जांत पडतो. ध्वनिमुद्रिकेंत नसलेला घुमारा तो हा. तोच स्पीकर ८ ते ३२ ओहमचा असता तर फरक दीड डेसिबेलच्याही आंत राहिला असता. तेव्हां व्हॉल्व्हच्या यंत्रास थोडे अधिक ओहम असलेला स्पीकर मानवतो, यास हें दुसरें कारण.

ही पकड वाढविण्याची युक्ति अमेरिकेंतील हॅरॉल्ड ब्लॅक यास १९२७ सालीं सुचली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग उलटा करून पुनः आरंभीं आणून सोडावयाचा, म्हणजे वाटेंत झालेली चूक आपोआप दुरुस्त होते. संथा म्हणणारा मुलगा स्वतःचा उच्चार ऐकत ऐकत सुधारतो, तसेंच हें. इंग्लंडांतील डी. टी. एन. विल्यमसन यानें ही युक्ति उत्तम ट्रान्स्फॉर्मरच्या जोडीनें वापरून १५ वॅटचा एक ॲम्प्लिफायर रचला व तो १९४७ सालीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत प्रसिद्ध केला. पुढें जगभर हौशी लोकांनीं तो घरोघरीं बनविला.

अधिक शक्ति म्हणजे अधिक सुख, या समजुतीस उत्तर म्हणून एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. इंग्लंडांत हंटिंग्डन येथें पीटर वॉकर यांच्या कारखान्यांत १९५३ सालीं क्वाड २ हा १५ वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर निघाला, आणि १९५७ सालीं त्याच कारखान्यानें स्थिरविद्युतीवर चालणारा, पातळ पडद्याचा एक स्पीकर काढला. या स्पीकरचे ओहम वरच्या सुरांना फार उतरतात. एरवीं तो व्हॉल्व्हच्या जिवावर यावा. पण दोन्ही वस्तु एका विचारानें झालेल्या असल्यामुळें ती जोडी आज साठांहून अधिक वर्षांनींही नांवाजली जाते. याच स्पीकरास मागाहून कांहींनीं दांडग्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांशीं जोडलें, तेव्हां मर्यादेबाहेरच्या दाबानें आंत ठिणग्या पडून पडदे निकामी झाले. १५ वॅट तेथें उणीव नव्हती. ती मर्यादा होती.

आमच्या घरीं काय झालें

माझ्या विद्यार्थ्यानें जळलेला ट्रान्स्फॉर्मर नव्यानें गुंडाळून आणला. हें काम मोटारी गुंडाळणाऱ्याचें नव्हे. ट्रान्स्फॉर्मरचीं दोन वेटोळीं एकमेकांत थराथरानें गुंफावीं लागतात, नाहींतर वरचे सूर हरवतात. त्यानें दोन्ही बाजूंचे ट्रान्स्फॉर्मर करून घेतले आणि त्यांस ४, ८ व १६ अशीं तिन्ही टोकें ठेवविलीं. स्पीकर त्यानें बंद पडलेल्या एका सिनेमागृहाच्या सामानांतून मिळविले. बारा इंची कागदी पडद्याचे, १६ ओहमचे, आणि संवेदनशीलता ९६. आमच्या सुतारानें त्यांस प्लायवुडच्या पेट्या करून दिल्या. एवढ्याचा खर्च सुबक स्पीकरांच्या निम्म्याहूनही कमी आला. ते सुबक स्पीकर आतां चिरंजिवांच्या घरीं त्यांच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरवर सुरेख वाजतात, हें न्यायाकरितां सांगितलें पाहिजे.

आतां गणित पाहा. ८१ आणि ९६ यांत १५ चें अंतर, म्हणजे पांच वेळां दुप्पट, म्हणजे बत्तीसपट. जो आवाज काढण्यास पूर्वी पुरे ४ वॅट खर्ची पडत, त्यास आतां एक अष्टमांश वॅट पुरतो. उरलेली सर्व शक्ति तबल्याच्या थापेसाठीं राखीव राहते.

पहिल्या दिवशीं संध्याकाळीं हिराबाईंची तबकडी लावली. स्वर येण्यापूर्वीं तानपुऱ्याच्या तारा ऐकूं आल्या, अगदीं मागें, बारीक, पण प्रत्येक तार निराळी. आमच्या सौभाग्यवती कणकेनें भरलेले हात तसेच घेऊन दारांत येऊन उभ्या राहिल्या. बाजू संपेपर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, "मामंजींनीं हें आपल्या घरांत ऐकावयास हवें होतें." माझ्याही मनांत तेंच होतें. वडिलांच्या हयातींत मी हें करूं शकलों असतों. पैशाची अडचण होती हें खरें, पण पुष्कळशी अडचण आळसाची होती.

चार व्यवहाराच्या गोष्टी

आतां ज्यांस हा उद्योग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत. प्रथम स्पीकर निवडावा, मग ॲम्प्लिफायर. खोली लहान व ॲम्प्लिफायर चारपांच वॅटचा असेल तर स्पीकर ९३-९४ डेसिबेलच्या खालचा घेऊं नये. ॲम्प्लिफायर पंधरावीस वॅटचा असल्यास ८८ च्या पुढें निभावतें. त्याहून कमी संवेदनशीलतेस तीसचाळीस वॅट लागतील असें धरून चालावें. ओहमचीं टोकें जुळवावीं. शंका असल्यास दोन्ही टोकांवर ऐकून जें स्वच्छ वाटेल तें ठेवावें, त्यानें अपाय होत नाहीं. मात्र प्रत्येक वेळीं यंत्र बंद करूनच तारा हलवाव्या, आणि स्पीकर जोडल्याची खात्री केल्यावांचून यंत्र चालू करूं नये.

तार तांब्याची, बऱ्यापैकीं जाड आणि शक्य तितकी आंखूड असावी. लांब व बारीक तार आपलाच रोध मध्यें घालून पकड ढिली करते. त्यापलीकडे तारेवर पैसे ओतण्याचें मला कारण दिसलें नाहीं. दोन्ही स्पीकरांचीं धन व ऋण टोकें सारखीं लावावीं. एकाचीं उलटीं झालीं तर खर्ज नाहींसा होतो व आवाज कोठून येतो तें कळेनासें होतें. स्पीकर भिंतीस किंवा कोपऱ्यास चिकटविले तर खर्ज वाढतो, पुढें ओढले तर आटोपशीर होतो. हा उपाय फुकट असल्यामुळें आधीं करून पाहावा. शहाबादी फरशीवर एक जाड सतरंजी अंथरल्यानें जो फरक पडतो, तो कित्येकदां हजारों रुपयांनीं पडत नाहीं.

आणि एक इशारा. या यंत्रांत अडीचशें ते चारशें व्होल्ट, व कधीं त्याहूनही अधिक दाब असतो, आणि वीज काढून घेतल्यावरही आंतील कपॅसिटरांत तो कांहीं वेळ राहतो. झांकण उघडण्याचें काम जाणत्यानेंच करावें. व्हॉल्व्हच्या कांचा हात भाजण्याइतक्या तापतात. घरांत लहान मुलें असल्यास वर जाळी बसवावी. व्हॉल्व्ह झिजतात हें खरें, पण ते आजही रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत तयार होतात व आपल्याकडे मिळतात. तेव्हां एक व्हॉल्व्ह गेला म्हणून यंत्र मोडींत काढूं नये.

शेवटीं, कागदावरील आंकडे हे मुहूर्तापर्यंत नेऊन पोंचवितात. पुढचा निर्णय कानाचा. दुकानांत जातांना आपल्या पूर्ण ओळखीची एक ध्वनिमुद्रिका बरोबर न्यावी, आणि शक्य तर घरांतील गाणें जाणणारें माणूस बरोबर न्यावें. मीं प्रथमच तसें केलें असतें तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. अलमतिविस्तरेण.